म्हातारीची भिंत

“मग सांगा ना बाबा, कुठला घोडा?”

बदरूशा फकीर गाढवाच्या कानातल्या गोचिडी काढत बसले होते. त्यांनी एक काढली, उजेडाकडं धरून निरखली, दगडावर ठेवली आणि दुसऱ्या कानाकडं वळले.

“बाबा, मी काय विचारतोय?”

“मला विचारतोयस होय? मला वाटलं, रुस्तमला विचारतोयस.”

रुस्तम म्हणजे ते गाढव. सोनखांबातले म्हातारे सांगत, आम्ही पोरं होतो तेव्हाही ते म्हातारंच होतं. एका कानानं ठार बहिरं. दुसऱ्या कानानं ऐकायचं की नाही, ते त्याच्या मर्जीवर.

शिदोजी समोर उकिडवा बसला. ऊन अजून कोवळं होतं, पण त्याच्या मानेवर घाम होता.

आता घाम का, ते सांगायला हवं.

सोनखांबच्या पिराच्या उरुसात घोड्यांची उडीची शर्यत होते. साधी पळापळ नव्हे. नदीच्या वाळूतून घोडे सुटतात, काट्याची कूड ओलांडतात, कडब्याची आडवी गंजी ओलांडतात, पाण्याचा चर ओलांडतात, आणि निशाणाच्या थोडं अलीकडं येते ती म्हातारीची भिंत. मातीची, कमरेइतकी, वर बाभळीच्या काट्या पसरलेल्या. कुठली म्हातारी, ते त्या म्हातारीलाच ठाऊक. पण दमलेला घोडा तिथं येतो आणि त्याला देव आठवतो.

बाबांची झोपडी त्या भिंतीच्या पलीकडच्या अंगाला. तिथं बसून त्यांनी किती घोडे उडताना आणि किती पडताना पाहिले, त्याला गणती नाही.

आणि शिदोजी म्हणजे सोनखांबचा पारखी. शर्यतीआधी दर्ग्यापुढं पालथ्या घातलेल्या, जनावरांना पाणी पाजायच्या दगडी डोणीवर उभं राहायचं, एकेका घोड्याचा बोल सांगायचा आणि शेवटी जिंकणाऱ्याचं नाव घ्यायचं, हा मान त्याच्या घराण्याचा. ज्याचं नाव घेतलं त्याच्या गळ्यात पिराच्या चादरीचं हिरवं फडकं बांधतात.

आजा असा, की घोडा न बघता नुसत्या लिदेच्या वासावरून बोल सांगायचा. बापानं एकदा एका गाभण घोडीचं नाव घेतलं. घोडी शेवटून पहिली आली. पण पुढं तिच्या पोटातल्या शिंगरानं शर्यत मारली, तेव्हा पंचांनी तो जुना बोल खरा धरला, म्हणे.

डोणीवरून निघालेला शब्द शर्यत होईस्तोवर पंचांनीही मोडायचा नाही, असा दंडक होता.

दंडक दुसराही एक होता. ओळीनं तीन उरूस बोल खोटा ठरला, की डोण दुसऱ्याची.

बाप गेल्यावर शिदोजी डोणीवर चढला, त्याला दोन उरूस झाले होते. दोन्ही बोल खोटे. आज तिसरा. त्याच्या मागून डोण मागणाऱ्या तात्या घुल्यानं तर नवा फेटा रंगवून वाळतही घातला होता. शिदोजीच्या येण्याजाण्याच्या वाटेवरच.

म्हणून घाम.

“पारखी तू की मी?” बाबा म्हणाले. “तूच सांग, कोण कोण पळतंय?”

एवढं विचारलं की शिदोजीला राहवत नसे. तो उठून उभा राहिला. पाठ आपोआप ताठ झाली.

“पहिला मुकादमाचा बादशहा. कुमाईत, तांबूस अंगाचा. चारी पाय पांढरे, तोंड पांढरं, म्हणजे पंचकल्याणी. गळ्याला देवमण, केसांचा शुभ भोवरा, अगदी जागच्या जागी. असा देखणा घोडा पाच गावांत नाही.”

“पण?”

“पण ते त्यालाही कळलंय. पाण्याच्या चरापाशी आला की खाली बघत थांबतो.”

“काय बघतो?”

“स्वतःला.”

रुस्तमनं शेपटी उडवली.

“दुसरा पाटलांचा तुफान. अबलख, काळा-पांढरा. उडीला तोड नाही. वाटेत जे येईल त्यावरून उडतो. जे नाही त्यावरूनही उडतो. परसाल निम्मी वाट सावल्यांवरूनच उड्या मारत आला. निशाण येईस्तोवर बिचारा दुप्पट शर्यत पळालेला असतो.”

“हं.”

“मग माळेवाडीची मैना. काळी. ओल्या वाळूत तिच्यासारखं पाऊल कुणाचं पडत नाही. पण जुन्या वळणाची सून आहे बाबा ती. थोरल्या जावेला ओलांडून पुढं जाणार नाही. जो पुढं असेल त्याच्या मागंच.”

“झाले?”

“आणखी एक आहे...” शिदोजीचा आवाज उतरला. “लिंबाजी धनगराची टिटवी.”

“ती बारकी?”

“मातीच्या रंगाची. लांबून बघाल तर शेळी म्हणाल. पण काल सगळ्या घोड्यांना भिंत हुंगायला आणलं होतं ना? बादशहा फुरफुरला. तुफान मागं सरला. मैनेनं तुफानाकडं बघितलं आणि तीही सरली. टिटवीनं भिंत हुंगलीच नाही.”

“मग?”

“मान वर केली, आणि भिंतीच्या पलीकडचं हुंगलं.”

बाबांचा हात गाढवाच्या कानातच थांबला.

“मग झालं की,” ते म्हणाले. “घे तिचं नाव.”

“कसं घेऊ? खोगिराखाली भोवरा आहे तिच्या. मोठी खोड. असल्या घोडीचं नाव आमच्या घरात आजवर कुणी घेतलं नाही. आणि घेतलंच...”

“घेतलंच तर?”

शिदोजी पुन्हा खाली बसला. वाळूत बोटानं रेघा ओढू लागला.

“मी ज्याचं नाव घेतो, तो या भिंतीपाशी पडतो, बाबा.”

...

“माझ्या पहिल्या उरुसाला जांबळाच्या वाडीचा हैबती पडला. त्याचा स्वार अजून काठी टेकत चालतो. परसाल नुकरा. दुधासारखा पांढरा. पुढचा पाय मोडला त्याचा. मी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलो होतो... दोघांचे भोवरे, दात, खूर, सगळं पुन्हा आठवून बघितलं. खोट म्हणून नव्हती कुठं. मग माझं चुकतंय कुठं?”

“येताना तू विचारत होतास, कुठला घोडा. आता विचारतोयस, चुकतंय कुठं. दोन्ही आहेत का माझ्याकडं, बघतो.”

बाबांनी झोळी चाचपली. मग झोपडीत जाऊन जेवायची जर्मनची थाळी घेऊन आले.

“एकच आहे,” ते म्हणाले. “चल, घोडा हो.”

“काय?”

“घोडा. दोन पायांचा असला तरी चालेल. भिंतीच्या त्या अंगाला जा, लांबून पळत ये, आणि ओलांड.”

“या वयात?”

“दात दाखव.”

जन्मभर दुसऱ्यांचे दात बघितलेला माणूस. त्यानं नकळत तोंड उघडलं. बाबांनी वाकून आत पाहिलं.

“तरणा आहेस. जा.”

भिंतीच्या एका टोकाला माणसांसाठी जायची वाट होती. शिदोजी तिथून वळसा घालून पलीकडं गेला. इकडंतिकडं पाहिलं. कुणी नव्हतं. धोतराचा काचा मारला, फेटा घट्ट केला, आणि भिंतीकडं तोंड करून उभा राहिला.

उभा राहिला आणि तसाच बघत राहिला.

ही भिंत त्यानं लहानपणापासून पाहिली होती, पण नेहमी बाजूनं, नाहीतर निशाणाकडून. पळत येणाऱ्याच्या जागेवरून कधी पाहिली नव्हती. तिथून नुसती माती दिसत होती. वर काट्या. त्याच्या वर आभाळ. पलीकडं जमीन आहे की विहीर, काही कळायला मार्ग नव्हता.

“आलास का?” पलीकडून आवाज आला.

शिदोजी पळाला. चांगला पळाला. भिंत जवळ आली, त्यानं श्वास कोंडला, पाय उचलला...

ठण्ण! ठण्ण! ठण्ण!

“शाब्बास रे माझ्या वाघा! आला रे आला!” बाबा थाळी बडवत बेंबीच्या देठापासून ओरडले, आणि धुनीतली ओंजळभर राख त्यांनी हवेत उधळली.

शिदोजीचा पाय हवेतच बावचळला. तो भिंतीवर पोटावर आदळला, काट्यांत गुंतला, आणि काट्यांसकट पलीकडं तोंडावर पडला.

राख हळूहळू खाली बसली.

“बाबा!” शिदोजी गुडघा धरून उठला. “हे काय केलंत?”

“काय केलं?”

“थाळी काय बडवलीत! राख काय उधळलीत! माणूस उडी मारताना असं कुणी करतं का?”

“अरे,” बाबा म्हणाले, “तुझा मान केला.”

...

शिदोजी उभा होता तो मटकन खाली बसला. तोंड उघडं राहिलं. फेट्यावरची राख गळून त्यात गेली तरी मिटलं नाही.

बापाच्या वेळी हलगीवाले निशाणाशी उभे असत. घोडा जिंकला की मग वाजायची. शिदोजी डोणीवर चढला, तेव्हा त्याला वाटलं, निशाण पडलं लांब, तिथं बघतंय कोण? आपण नाव घेतलेला घोडा येताना सगळ्या जत्रेला दिसला पाहिजे. म्हणून त्यानं हलगी भिंतीशी आणली. हलगीमागं जत्रा आली. गळ्यात हिरवं फडकं दिसलं रे दिसलं, की हलगी कडाडायची, गुलालाची पोती रिकामी व्हायची, टोप्या आणि फेटे हवेत जायचे, आणि सगळी जत्रा एका घशानं ओरडायची.

शिदोजीच्या नावानं. घोड्याच्या नव्हे.

“म्हणजे नुकऱ्याला...” शिदोजी म्हणाला.

बाबा थाळीवरची राख पुसत होते.

“तुम्हाला ठाऊक होतं?”

“बसतोच इथं मी.”

“मग सांगितलं का नाहीत?”

“विचारलं कुणी? जो येतो तो विचारतो, कुठला घोडा.”

शिदोजी उठला. “मी आत्ता जाऊन हलगीवाल्यांना निशाणाशी पाठवतो. ते माझं ऐकतील.”

“ऐकतील. आणि जत्रा?”

जत्रा कुणाच्या बापाचं ऐकते? शिदोजी पुन्हा बसला.

“मग मी नावच घेत नाही.”

“मग तुझ्याऐवजी तात्या घुले घेईल. फेटा वाळला असेल त्याचा.”

“मग करू काय?”

“ते मला काय ठाऊक? मी फकीर माणूस. पारखी तू.”

वारा पडला होता. लांब दर्ग्याकडं सनई सुरू झाली. रुस्तमनं पुढं होऊन शिदोजीच्या खांद्यावरची राख चाटून पाहिली. आवडली नसावी. तोंड वाकडं करून ते आपल्या जागी गेलं.

शिदोजी त्याच्याकडं बघत राहिला... बराच वेळ बघत राहिला.

दुपारी शिदोजी डोणीवर चढला, तेव्हा मुंगीला पाय ठेवायला जागा नव्हती. तात्या घुले पुढंच उभा होता. फेटा डोक्यावर.

शिदोजीनं बादशहाचा बोल सांगितला. मुकादम हसला. तुफानाचा सांगितला. पाटील हसले नाहीत. मैनेचा सांगितला. टिटवीपाशी येऊन तो थोडा थांबला, आणि नुसतं म्हणाला, “ही पळेल.”

मग सगळी जत्रा गप्प झाली. हलगीवाल्यांनी काड्या वर धरल्या.

समोर त्याचे चुलते-भाऊबंद बसलेले. पायांखाली घराण्याची डोण. गार, गुळगुळीत. शिदोजीनं अनवाणी अंगठ्यानं ती एकदा चाचपली.

“या उरुसाला निशाण मारणार,” तो म्हणाला, “बदरूशा बाबांचा रुस्तम.”

“रुस्तम? कुणाचा म्हणायचा हा रुस्तम?”

“अरे, ते गाढव!”

आणि जत्रा हसली. अशी हसली, की दर्ग्यावरची कबुतरं उडाली ती दुसऱ्या दिवशी परत आली.

“शिदूअण्णा, ऊन लागलं का?”

“आजा लिदेवरून सांगायचा रे, नातवाच्या डोक्यातच लीद!”

पंच आपसात कुजबुजले, चिडले, पण दंडक तो दंडक. डोणीवरचा शब्द शर्यत होईस्तोवर मोडता येत नव्हता. चार जण गेले, रुस्तमला ओढत घेऊन आले. त्याच्या गळ्यात पिराचं हिरवं फडकं बांधलं आणि बादशहाच्या शेजारी नेऊन उभं केलं. बादशहानं तोंड फिरवलं.

आता असला घोडा जत्रेनं कधी पाहिला होता? भिंतीशी जातंय कोण! सगळी जत्रा घोडे सुटतात त्या वाळूत उतरली. हलगी तिथंच, गुलाल तिथंच.

घोडे सुटले.

रुस्तम उभं.

त्याच्याभोवती कडं पडलं. हलगी कडाडली, पोती रिकामी झाली, रुस्तम नखशिखांत गुलाबी झालं. लोक ओरडून ओरडून घसे बसवत होते. रुस्तमनं बहिरा कान त्यांच्याकडं केला आणि हिरव्या फडक्याचं टोक चघळायला घेतलं.

डोणीवर शिदोजी एकटा. त्याची मान भिंतीकडं.

तिथं चिटपाखरू नव्हतं. फक्त एक म्हातारा, मांडीवर थाळी पालथी घालून बसलेला.

टिटवी पुढं होती. भिंत तिला दिसलीच नसावी. मधेच जमीन उंच झाली असेल आणि आपण तिच्याबरोबर उंच झालो, अशी ती वर गेली आणि खाली आली. तिच्या मागं मैना, मान राखून. तुफान भिंतीवरून उडाला, आणि भिंतीच्या पलीकडं जे काही नव्हतं त्यावरूनही उडाला. शेवटी बादशहा आला. चरापाशी थांबला असणार, पण आला. तोही गेला.

चारी घोडे. चारी आपल्या पायांवर.

जत्रेला शर्यतीची आठवण झाली, तोवर टिटवी निशाणाच्या काठीशी गवत ओरबाडत होती, आणि लिंबाजी धनगर येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत होता, “झाली का हो शर्यत?”

मग पंच डोणीपाशी आले. आता कुणी हसत नव्हतं.

“शिदोजी, उतर.”

तो उतरला. तात्या घुले चढला. चुलत्यानं तोंडावर सांगितलं, “घराण्याचं नाव मातीत घातलंस.”

“होय काका,” शिदोजी म्हणाला.

पण त्याचं लक्ष नव्हतं. तो गर्दीतून वाट काढत निघाला. आधी चालत होता. मग भरभर. मग पळू लागला, घोड्यांच्या टापा उमटल्या होत्या त्याच वाळूतून, सरळ.

बाबा धुनीवर भाकरी शेकत होते, तेवढ्यात तो धापा टाकत समोर येऊन उभा राहिला.

“बाबा, पाहिलंत? एकही पडला नाही! चारीच्या चारी!”

“पाहिलं.”

“आणि टिटवी! वर गेली की पुढचे पाय असे पोटाशी घेते. जसं थंडीत पोर... मी इतकी वर्षं भोवरेच बघत बसलो. घोडा हवेत कसा असतो, ते मी आज पाहिलं, बाबा!”

“डोण?”

“गेली.”

शेजाऱ्याची शेळी हरवल्यासारखं त्यानं ते सांगितलं. मग कपाळाला आठी पडली.

“पण पुढच्या उरुसाला तात्या नाव घेणार. हलगी आणि जत्रा पुन्हा इथंच येणार. तेव्हा काय हो?”

“तेव्हा तात्या येईल विचारायला. भिंत कुठं जातेय?”

बाबांनी भाकरी उलटली. मग मान वर करून त्याच्याकडं नीट पाहिलं.

“फेटा कुठाय तुझा?”

शिदोजीनं डोक्याला हात लावला. डोकं मोकळं होतं. तो मागं वळला.

फेटा म्हातारीच्या भिंतीवर होता. वरच्या बाभळीच्या काटीला अडकून वाऱ्यावर हलत होता.

“वाटेनं नाही आलास?”

“वाट...”

शिदोजीनं भिंतीच्या टोकाची वाट पाहिली. भिंत पाहिली. मग आपले पाय पाहिले. सकाळचं खरचटलेलं तेवढंच होतं. नवं काही नव्हतं.

“ओलांडलीस?”

“ओलांडली असेल...”

“कुणी वाजवलं?”

“माझ्यासाठी?” शिदोजी हसला. “आता माझ्यासाठी कोण वाजवतंय, बाबा.”

बाबांनी भाकरी मोडली. अर्धी थाळीत ठेवून त्याच्यापुढं सारली.

“तरीच.”